कारखाने, कंटेनर आणि आपला गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध कंपन्यांच्या खरेदी आणि डिस्पॅच विभागांत नोकरी केल्यामुळे ओळखीतले लोक हे प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यांत डिप्लोमा करणाऱ्या मुलांचे आईवडील आहेत, लहान युनिट चालवणारे आहेत, काजूचे बागायतदार आहेत आणि औद्योगिक वसाहतीला लागून घर असलेले गावकरीही आहेत. उत्तरे एका जागी असावीत म्हणून ही मांडणी.

पुरवठा साखळी बदलते आहे, असे जो तो म्हणतो. म्हणजे नेमके काय होते आहे?

तीसेक वर्षे कंपन्यांचा हिशेब सरळ होता. जिथे स्वस्त पडेल तिथे बनवून घ्यायचे आणि आपल्या गोदामात साठा कमीत कमी ठेवायचा. या हिशेबात चीन जगाचा कारखाना झाला. मग २०२० मध्ये कोविड आला आणि एका प्रांतातले कारखाने बंद पडले की दुसऱ्या खंडातली असेंब्ली लाइन कशी थांबते ते सगळ्यांनी पाहिले. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे एकच जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस सगळी वाहतूक अडली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त लागतात आणि भाडेही वाढते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडच्या वाहन कंपन्यांची झोप उडाली. चुंबक हाताच्या तळव्यात मावेल एवढा असतो, पण तो नसेल तर इलेक्ट्रिक गाडीची मोटर तयार होत नाही.

यातून कंपन्या एक गोष्ट शिकल्या. स्वस्ताईबरोबर खात्रीचीही किंमत मोजावी लागते. म्हणून चीनखेरीज आणखी एक ठिकाण हाताशी ठेवायचे, ज्याला ‘चायना प्लस वन’ म्हणतात, आणि जमेल तेवढे आपल्याच देशात बनवायचे. अमेरिकेने २०२२ मध्ये चिप उद्योगासाठी कायदा केला. आपल्याकडे २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ आणि २०२० पासून पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना आली.

गोव्यात कारखाने आहेत तरी कुठे? आमचे पाहुणे विचारतात.

पाहुण्यांना सकाळी फोंडा-पणजी रस्त्यावर न्या आणि कंपन्यांच्या बसेस दाखवा. गोवा मुक्त झाला तेव्हा खाणी, नारळ, काजू आणि मासळी सोडली तर उद्योग म्हणावे असे इथे फार थोडे होते. १९६६ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग खोर्ली, बेतोडा, कुंडई, मडकई, थिवी, डिचोली, होंडा, पिसुर्ले, कुंकळ्ळी आणि सगळ्यांत मोठी वेर्णा अशा वसाहती उभ्या राहत गेल्या. आज त्यांची संख्या वीसहून अधिक आहे. औषधे, जहाजबांधणी, विजेची उपकरणे, पॅकेजिंग आणि अन्नप्रक्रिया हे मुख्य धंदे.

औषध कंपन्या इथे आल्या त्या मुख्यतः १९९० च्या दशकातल्या प्राप्तिकर सवलतींमुळे. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला मोठे पॅकेज दिले, तेव्हा नव्या गुंतवणुकीचा ओघ हिमाचलातल्या बद्दीकडे वळला. तरीही सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क, इंडोको यांचे इथले कारखाने चालू राहिले. कारण परदेशी नियामकांनी तपासून मान्य केलेला प्लांट आणि त्यात मुरलेली माणसे सहजासहजी दुसरीकडे हलवता येत नाहीत. सवलतीने कारखाना येतो आणि हाताच्या कसबामुळे तो टिकतो, हे गोव्याने एकदा अनुभवले आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांमागे हेच गृहीत आहे.

औषधाच्या स्ट्रिपवर वेर्ण्याचा किंवा कुंडईचा पत्ता असतो. म्हणजे ते पूर्ण स्वदेशी झाले ना?

पत्ता गोळी जिथे तयार झाली तिथला असतो. गोळीत काय काय आहे आणि ते कुठून आले, ते पत्त्यावरून कळत नाही.

पॅरासिटामॉलची साधी स्ट्रिप हातात घ्या. मागची चकचकीत बाजू अॅल्युमिनियमच्या फॉइलची, पुढची पारदर्शक बाजू पीव्हीसी फिल्मची. फॉइलवर छपाईची शाई आहे, आतून उष्णतेने चिकटणारा लाखेचा थर आहे. गोळीत मक्याचा स्टार्च असतो, तो देशातला. पण ताप उतरवणारा जो मूळ घटक आहे, म्हणजे एपीआय किंवा आपल्या बोलण्यात बल्क ड्रग, तो दुसऱ्याच कारखान्यात बनतो. त्या कारखान्याला लागणारे पॅरा-अमिनोफिनॉल हे रसायन आपण वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर चीनमधून आणत आलो. भारत जी बल्क ड्रग आयात करतो, त्यांतला सुमारे दोन-तृतीयांश भाग चीनचा.

कच्च्या मालाच्या गोदामात आलेल्या ड्रमवर आधी पिवळे लेबल लागते. क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण विभागाची, तपासणी झाली की हिरवे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या रॅकवर हिरवी लेबले एकेक करून कमी होत गेली आणि पिवळी येईनाशी झाली. मार्च २०२० च्या सुरुवातीला केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधी घटक आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगाचे औषधालय म्हणवणारा देश स्वतःसाठी साठा राखून ठेवत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, याचा खरा अर्थ मला त्या महिन्यात कळला.

आणि हे दुखणे मुळातले नाही. पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि तिथे पेनिसिलिन बनत होते. पुढे चिनी माल इतका स्वस्त येऊ लागला की आपली आंबवण प्रक्रियेची कारखानदारी एकामागून एक बसली. आता पीएलआयच्या आधाराने आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा कारखाना पुन्हा उभा राहिला आहे. गमावलेली विद्या परत मिळवायला किती वर्षे आणि किती कोटी लागतात, त्याचे हे उदाहरण.

मग कंपन्या चिनी पुरवठादार सोडून भारतीय का घेत नाहीत? दर थोडा जास्त पडला तर काय बिघडले?

दर हे अर्धेच कारण. औषधात पुरवठादार बदलणे म्हणजे किराण्याचे दुकान बदलण्याइतके सोपे नसते. नव्या ठिकाणचा घटक वापरून आधी चाचणी बॅचेस काढाव्या लागतात. मग त्या गोळ्या ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून त्यांचा दर्जा टिकतो का ते पाहावे लागते. त्यानंतर ज्या देशांत माल जातो, तिथल्या नियामकांकडे कागद सादर करायचे आणि मंजुरीची वाट पाहायची. एका औषधासाठी वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. म्हणून आज ठरवले आणि उद्या साखळी बदलली, असे या धंद्यात होत नाही. असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बल्क ड्रग गोव्यातच का बनवत नाहीत?

बनवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या प्रमाणावर बल्क ड्रग म्हणजे टँकर भरभरून सॉल्व्हंट, भरपूर पाणी आणि अवघड सांडपाणी. त्यासाठी केंद्राने गुजरात, हिमाचल आणि आंध्र या तीन ठिकाणी स्वतंत्र पार्क मंजूर केली आहेत. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या आपल्या राज्यात पठारावर पडलेला पाऊस खालच्या गावाच्या झरीत आणि विहिरीत उतरतो. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा प्रकल्प येत होता तेव्हा फोंडा तालुका पेटून उठला, तो याच पाण्यासाठी. १९९५ मध्ये त्या आंदोलनात निलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीबारात गेला. प्रकल्प परत गेला. त्या लढ्याला विकासविरोधी म्हणणारे लोक अजून भेटतात. मला ते पटत नाही.

गोव्याने औषधांच्या साखळीतले स्वच्छ आणि कौशल्याचे दुवे धरावेत. फॉइल आणि कार्टनची छपाई, टॅब्लेट मशीनचे पंच आणि डाय, चाचणी प्रयोगशाळा, स्थिरता अभ्यास, नियामकांसाठी लागणारे दस्तऐवजांचे काम. यांतले काही इथे होते, पण पुष्कळ काम मुंबई, वसई आणि अहमदाबादकडे जाते. एखाद्या मशीनचा लहानसा सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत अख्खी लाइन उभी राहते. तो भाग बेतोड्यात बनला तर तीही देशी कारखानदारीच, आणि तिला पठार लागत नाही, शे-दोनशे चौरस मीटरची शेड पुरते.

पीएलआय म्हणजे नक्की काय?

उत्पादन वाढवून दाखवा, वाढीव विक्रीवर सरकार ठरावीक टक्के रक्कम देईल, अशी ही योजना. १४ क्षेत्रे, एकूण सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद. मोबाइल फोनमध्ये तिचा परिणाम ठळक दिसला, औषधांत काही प्रमाणात दिसला, बाकी बऱ्याच ठिकाणी वेग कमी आहे. देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट होते, तो अजून १६-१७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. आपल्या लहान युनिटना पीएलआयचा थेट उपयोग जवळपास नाही. त्यांनी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना पाहावी, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. अन्नप्रक्रिया असेल तर पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, त्यात ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते.

मुरगाव बंदर दारात असताना आपले कंटेनर मुंबईला का जातात?

हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण डिस्पॅचमध्ये बसून मी त्याची झळ सोसली आहे.

मुरगाव हे जुने, नैसर्गिक आडोशाचे, उत्तम बंदर. पण ते वाढले ते लोहखनिजावर आणि आता बरेचसे चालते ते आयात कोळशावर, जो रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. कंटेनर जहाजाचे गणित निराळे आहे. मोठ्या कंपन्यांची जहाजे ठरलेल्या वारी ठरलेल्या बंदरात लागतात, आणि तिथे शेकडो कंटेनर चढ-उतार व्हायला हवेत. गोव्याचा माल किमतीने भारी, पण आकाराने थोडा. औषधांचा एक कंटेनर कोट्यवधींचा असू शकतो, तरी जहाजाच्या लेखी तो एकच कंटेनर. माल थोडा म्हणून जहाजे क्वचित येतात, आणि जहाजांचा भरवसा नाही म्हणून निर्यातदार माल मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात पाठवतात. मग मुरगावात माल आणखी कमी होतो.

परिणामी वेर्ण्यातून निघालेला ट्रेलर मुंबई-गोवा महामार्गाने किंवा घाटावरून कोल्हापूर-पुणे मार्गे जातो. महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. पावसाळ्यात एखादी दरड कोसळली आणि जहाजाची कट-ऑफ वेळ, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याची शेवटची वेळ चुकली, तर पुढच्या जहाजापर्यंत थांबायचे, कंटेनरचे भाडे भरत राहायचे आणि ग्राहकाला माफीचे पत्र लिहायचे. तांबड्या समुद्राचा वळसा त्यात मिळवा. जर्मनीतल्या ग्राहकाला दिलेली तारीख अशी दोन्ही टोकांनी कुरतडली जाते.

तोडगा आहे, पण तो भाषणात टाळ्या मिळवणारा नाही. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड-वेर्णा रो-रो सुरू केली, भरलेले ट्रक थेट वाघिणीवर चढवून. त्याच धर्तीवर कंटेनरची गाडी वेर्णा किंवा बाळ्ळीहून न्हावाशेव्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सुटली पाहिजे, मग ती अर्धी रिकामी असली तरी. भरवसा आधी, माल मागाहून. मोपाच्या विमानतळावरून हवाई मालवाहतूक होते, औषधांसाठी ती वाढली तर फार बरे होईल.

वास्कोत युद्धनौका बनतात. त्यात गोव्याचे किती?

गोवा शिपयार्डचा पाया १९५७ मध्ये पोर्तुगीज काळात पडला. आज तिथे ‘त्रिपुट’ वर्गाच्या दोन फ्रिगेट बांधल्या जात आहेत. ‘त्रिपुट’चे जलावतरण जुलै २०२४ मध्ये झाले, ‘तवस्या’चे मार्च २०२५ मध्ये. या वर्गाची मूळ रचना रशियन आणि गॅस टर्बाइन युक्रेनी बनावटीचे. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांचे तंत्र वास्कोतल्या एका नौकेत एकत्र येते, यावरून पुरवठा साखळी ही किती नाजूक चीज आहे ते कळावे.

पोलादाची गोष्ट मात्र वेगळी. युद्धनौकांचे खास पोलाद आपण पूर्वी रशियाकडून घेत होतो. ते मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने ‘डीएमआर-२४९ए’ विकसित केले आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने ते बनवले. २०२२ मध्ये नौदलात आलेली ‘विक्रांत’ याच पोलादाची. गोव्यासाठी यातला फायद्याचा भाग म्हणजे वेल्डिंग, पाइपिंग, केबलिंग, रंगकाम यांत तयार होणारी माणसे. प्रमाणित वेल्डरला जगातल्या कुठल्याही यार्डात काम मिळते.

काजूचे काय? आमच्या बागेतल्या बियांना दर मिळत नाही आणि बाजारात तर काजूगर महाग.

सत्तरी, सांगे, पेडणे इथल्या प्रत्येक बागायतदाराचा हा प्रश्न. आपल्या कारखान्यांत फोडल्या जाणाऱ्या बऱ्याच बिया आफ्रिकेतून, मुख्यतः आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया या देशांतून जहाजाने येतात. व्हिएतनामने यंत्रांच्या जोरावर जगभरच्या बिया फोडण्याचा धंदा काबीज केला आणि गराचा दर तिथून ठरू लागला. आता आफ्रिकी देशही म्हणतात, बिया विकण्यापेक्षा आम्हीच फोडू. म्हणजे ज्यांच्या आयातीवर आपले कारखाने उभे आहेत, तो स्रोतही आटू शकतो.

फॅक्टरीत एकदा उभे राहून पाहा. उकडलेली बी पात्यांमध्ये धरायची, पायाने दाब द्यायचा, टरफल दुभंगते, आणि गर अखंड निघाला तर त्याचा दर एक, तुटला तर जवळपास निम्मा. टरफलातले तेल हाताची कातडी जाळते. मग सुकवणे, साल काढणे, प्रतवारी. ‘डब्ल्यू-१८०’ म्हणजे एका पौंडात साधारण १८० अखंड गर बसतात तो मोठा दाणा, ‘डब्ल्यू-३२०’ त्याहून लहान. साल काढायला आणि प्रतवारीला बहुतेक बायकाच असतात, आणि त्यांच्या नजरेला अजून पूर्ण तोडीचे यंत्र मिळालेले नाही.

गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण आयात बियांचे गर ‘गोव्याचा काजू’ म्हणून पर्यटकाला विकले जात असतील, तर मानांकनाचा पैसा बागायतदारापर्यंत पोहोचणार नाही. पाकिटावर बी कुठली ते छापणे सक्तीचे करा आणि तपासणी करा. माझ्या मते काजूच्या बाबतीत एवढी एक गोष्ट झाली तरी दरात फरक पडेल.

अमेरिकेच्या आयातशुल्काचा गोव्याला फटका बसला का?

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले, तेव्हा औषधांना त्यातून वगळले होते. त्यामुळे गोव्याच्या सर्वांत मोठ्या निर्यातीला थेट धक्का लागला नाही. कोळंबी आणि अभियांत्रिकी माल पाठवणाऱ्यांना तो जाणवला. दर पुढेही बदलत राहिले. एकाच देशावर विसंबायचे नाही हा धडा मात्र कायमचा. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, अमिरातीशी झालेला मे २०२२ पासून. मालाच्या उगमाचा दाखला काढून घ्या आणि ग्राहकाला सवलतीचा दर लागू होतो का ते पाहा. अनेक जण तेवढे कष्ट घेत नाहीत.

मोठी कंपनी माल घेते आणि चार महिने पैसे देत नाही. काही उपाय?

आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी हवी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आता प्राप्तिकर कायद्यातही तरतूद आहे. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्च महिन्यात त्यांच्या अकाउंट्स विभागाचा फोन आपणहून येतो.

मुलाने इथल्या कंपनीत लागावे, की बोटीवर किंवा परदेशी जावे?

घरची गरज तुम्हालाच ठाऊक, त्यामुळे हो किंवा नाही असे सांगणार नाही. वसाहतींतल्या नोकऱ्यांचा मोठा भाग कंत्राटी आहे, पगार सुरुवातीला कमी आहेत आणि मुले कंटाळून सोडतात. हे कंपन्यांनी सुधारायला हवे. स्थानिक मुले टिकत नाहीत अशी तक्रार करायची आणि पाच वर्षे कंत्राटावर ठेवायचे, हे न्यायाचे नाही.

मुलगा जाणारच असेल तर पॅकिंगच्या पट्ट्यावर नुसते उभे राहण्यापेक्षा त्याला मशीन मेंटेनन्स, इन्स्ट्रुमेंटेशन, क्यूसीतले एचपीएलसी (औषधातले घटक मोजणारे यंत्र) किंवा सीएनसी (संगणकावर चालणारे कातकामाचे यंत्र) शिकता येईल असा विभाग मागून घ्या. बीएस्सी झालेल्या मुलींना क्यूसीत चांगली संधी आहे. फक्त रात्रपाळीच्या बसची व्यवस्था काय, ते मुलाखतीतच विचारावे.

खाणी पुन्हा सुरू झाल्या की सगळे सुरळीत होईल ना?

२०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जात होते, बहुतेक चीनला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्यावर परत थांबल्या. डिचोली-सत्तरीतल्या ट्रकमालकांचे हाल आपण पाहिले. आता लिलावाने काही खाणी चालू होत आहेत. पण मातीच परदेशी पाठवायची आणि एकाच ग्राहकावर जगायचे, ही साखळीतली सर्वांत खालची पायरी आहे. त्यावर परत सगळा तालुका अवलंबून राहू नये.

वीज पुरेल का?

गोवा जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेतो. नवी तमनार वाहिनी मोलेच्या जंगलातून नेण्यावरून मोठा संघर्ष झाला, आणि जंगल वाचवणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. वसाहतींतली रोजची कटकट मात्र बहुधा वेगळीच असते. जुनी उपकेंद्रे, पावसात पडणारे फिडर आणि क्षणभराची खंडितता. क्षणभर वीज गेली तरी बॅच वाया जाऊ शकते. भूमिगत केबल आणि शेडच्या छपरांवर सौर पॅनेल, इथून सुरुवात करता येते.

सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रे, परत येणार का? आमच्या पठारावर प्रकल्प येतो अशी कुणकुण आहे.

लोकांच्या विरोधामुळे ३१ डिसेंबर २००७ रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सेझ रद्द करण्याची घोषणा केली. तरी प्रकरण न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले आणि बहुतेक जमीन महामंडळाकडे परत यायला २०१८ उजाडले. इतकी वर्षे त्या जमिनीवर ना झाड राहिले ना कारखाना उभा राहिला. तुये इथल्या इलेक्ट्रॉनिक क्लस्टरचेही काम असेच लांबत गेले. म्हणून नव्या पठाराला हात लावण्याआधी जुन्या वसाहतींतले बंद पडलेले प्लॉट परत घ्या, ही मागणी रास्त आहे.

ग्रामसभेत प्रकल्पवाले येतील तेव्हा नोकऱ्या किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा : कच्चा माल कुठून येणार आणि तो थांबला तर कारखाना किती दिवस चालेल? रोज पाणी किती घनमीटर, कुठल्या स्रोतातून? सांडपाणी कुठे जाणार? कायम नोकऱ्या किती, कंत्राटी किती? सुटे भाग आणि पॅकिंग गोव्यातून घेणार का? सवलतीची मुदत संपल्यावर काय?

तोंडी उत्तरांवर थांबू नका, ठरावाच्या इतिवृत्तात ती लिहून घ्या. पर्यावरण मंजुरीचे अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात, आणि जिथे जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. अधिसूचित औद्योगिक वसाहतीच्या आतल्या प्रकल्पांना मात्र जनसुनावणीतून सूट मिळू शकते. म्हणून प्रकल्पाच्या आधी वसाहतीची हद्द वाढवण्याची अधिसूचना निघते का, त्यावर नजर ठेवा. हरकत घ्यायची मुदत त्याच टप्प्यावर सुरू होते.